लंडनच्या दारातल्या चपला

आमच्या माडीवरच्या बाईंना गल्लीत सगळे येड्या म्हणायचे. मीही म्हणायचे. फक्त मी हळू म्हणायचे, कारण जिना लाकडी आहे आणि खालचं बोलणं वर जातं.

त्या सांगलीला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला आल्या. का, तर सांगलीत उकडतं आणि उकाड्यात लंडन सुचत नाही. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी दारात ट्रंक टेकवून सांगितलं. मला वाटलं, मुलगा असेल तिकडं. पुढं कळलं की मुलगा नाही, नवरा नाही, तिकडं ओळखीचं कुत्रं नाही. तिकडं होती ती कागदावरची एक बाई.

आमच्या बाई चित्रकथा काढत होत्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन, घोडागाड्या, धुकं, आणि त्यात खून-चोऱ्या शोधून काढणारी एक हुशार बाई. डोक्यावर तिरकी टोपी, हातात छत्री. पोलिसांना जे महिनाभर सुचत नाही ते तिला चहा पिता पिता सुचतं.

मी म्हटलं, "आवं बाई, एवढी हुश्शार बाय लंडनला कशाला नेऊन ठेवलीसा? साताऱ्यात काय भानगडी कमी हाईत?"

"साताऱ्यात ठेवली तर लोक विचारतील, हिचा नवरा कुठं आहे. लंडनमध्ये कोणी विचारत नाही."

"इचारत असतील. आपल्याला कळत नसंल एवढंच."

त्यावर त्या खूप वेळ हसल्या. त्यांचं हसणं वाईट होतं, शिंक अडकल्यासारखं.

त्या लंडनला कधी गेल्या नव्हत्या. मुंबईलासुद्धा नीट गेल्या नव्हत्या. त्यांचं लंडन सगळं आसपासचं होतं. मिरज स्टेशनची घड्याळं, सांगलीच्या घाटावरच्या पायऱ्या, कुणाच्या तरी बंगल्याचं लोखंडी फाटक. धुकं महाबळेश्वरचं. ते बघायला एकदा ऐन पावसाळ्यात त्यांनी मला एसटीनं वर नेलं. पाऊस असा की छत्री उघडली ती मिटलीच नाही, तिच्या काड्या मोडून ती उलटी झाली. टॅक्सीवाले शेडमध्ये बसलेले. त्यातला एक म्हणाला, "बाई, पॉइंटवर काय दिसत न्हाई. जाऊन उपेग न्हाई."

बाई म्हणाल्या, "तेच बघायचंय."

आम्ही गेलो. कठड्याला धरून काही न दिसणं बघत उभ्या राहिलो. बाई मधूनच म्हणायच्या, "वा!" मी पण एकदा वा म्हटलं. पैसे देऊन आलो होतो. परत आल्यावर मला आठवडाभर ताप होता, आणि त्यांच्या चार पानांत सुरेख धुकं होतं.

साडीचा पुठ्ठ्याचा खोका कापून, वर काळं कापड लावून त्यांनी टोपी केली होती. टोपी वाऱ्यात कशी बसते, मान वळवली की कुठं जाते, हे कळावं म्हणून ती घालून त्या जिना चढायच्या उतरायच्या. एकदा तशाच मंडईत गेल्या. मेथी घेऊन परत आल्या तेव्हा मागं पोरांची वरात. त्यांना पत्ताच नाही. मला विचारतात, "आज गल्लीत काही आहे का?"

त्या बाईबद्दल, म्हणजे कागदावरच्या, त्या घरातल्या माणसासारखं बोलायच्या. "आज ती रुसली आहे." "आज तिला उठायचं नाहीये." मी एकदा विचारलं, "जेवायला दोघींचं टाकू का?" तर म्हणाल्या, "नको, ती कामावर असताना खात नाही."

मॉडेल मी. हा शब्द त्यांनीच शिकवला. मी छत्री धरायची, वाकायचं, दाराच्या फटीतून बघायचं. फटीतून बघायला मला शिकवावं लागलं नाही. त्या काळी तिकडच्या बायका पोटाला दोऱ्यांनी आवळून घट्ट बांधायच्या म्हणे. तसं बांधून पळता येतं का, हे त्यांना बघायचं होतं. माझंच जुनं नऊवारी घेतलं, चार पदरी केलं, माझ्या पोटाला गुंडाळलं, आणि पाठीत गुडघा लावून ओढलं. म्हणाल्या, "आता जिना चढा पळत."

मी पाचव्या पायरीवर बसले.

"पळता येतं का?"

"मरता येतं," मी म्हटलं.

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं आणि लंडनच्या बाईच्या तोंडी घातलं. मी गल्लीभर सांगितलं की माझी वाक्यं पुस्तकात येणार. समोरची शेवंता म्हणाली, "तुजी वाक्यं आमी फुकट ऐकतुय की." ती जळते.

खरं म्हणजे मी तेव्हा थोडी बिघडले होते. आपणच ती हुशार बाई आहोत असं मला वाटायला लागलं होतं. दूधवाल्याच्या हाताला पट्टी दिसली की म्हणायचे, "काल भांडलास न्हवं बायकूसंगं?" तो म्हणायचा, "म्हशीनं शिंग मारलं, आजी." तरी माझा विश्वास ढळत नसे.

आणि याच मस्तीत मी तो घोळ घातला.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे वारले. आम्ही दोघी भेटायला गेलो. दारात चपलांचा ढीग. आत जायच्या आधी मी नुसत्या चपला बघून बाईंना सांगितलं, "थोरली सून आत हाय. धाकटी न्हाई, ती मागल्या दारानं गेली वाटतं. कऱ्हाडचा जावई आलाय, टाच एका बाजूला झिजलीया बघा. आन् हा बूट भाड्याच्या गाडीवाल्याचा."

बाई दारातच थबकल्या. माझ्याकडं बघितलं, चपलांकडं बघितलं, आणि आत न जाता परत फिरल्या. मेलेल्या माणसाच्या घरी मला एकटीला जावं लागलं. बाहेर पडले ती घाईत कुणाच्या तरी चपला घालून घरी आले. एवढी माझी चपलांची पारख. पण ते बाईंना दिसलं नाही, त्या वर जाऊन कामाला लागल्या होत्या.

त्यांना गोष्टीचा शेवट सापडत नव्हता तो सापडला होता. लंडनमधला एक श्रीमंत म्हातारा विषानं मरतो. त्याच्या घरी सगळे भेटायला जमतात. पोलीस आत जबान्या घेत बसतात. टोपीवाल्या बाईला पोलीस दाराशी अडवतात, आत सोडत नाहीत. मग ती दारातच उभी राहून बाहेर काढलेल्या बुटांची रांग बघते, आणि बुटांवरून ओळखते की आत खुनी कोण.

बाईंनी मला ती पानं दाखवली. एक अख्खं पान भरून नुसते बूट. चिखलाचे, झिजलेले, नवे, उसने घेतलेले. मी म्हटलं, "बाई, हे लय भारी हाय." मला वाटलं, अर्धी मालकी माझी.

मध्ये एक गोष्ट झाली. बाई मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आल्या. आल्या त्या खालीच बसल्या, माझ्या स्वयंपाकघरात. मी भाकरी थापत होते. म्हणाल्या, "काचबिंदू आहे. उशीर झालाय. कडेचं दिसायचं आधी जातं, मग हळूहळू आत येतं."

मी म्हटलं, "मग?"

"मग काही नाही. एवढं एक पुस्तक डोळ्यांत आहे. तेवढं होईल."

मी रडले नाही. रडून कुणाचा काचबिंदू गेलेला मी पाहिला नाही. पुढं रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब मी घालायचे. माझा हात डोळ्याजवळ आला की त्या पापणी मिटायच्या. एवढ्या खुनांची चित्रं काढणारी बाई, थेंबाला भ्यायची.

माझा मुलगा कुपवाडला कारखान्यात आहे. त्याच्या ओळखीचा तिथं एक छापखानेवाला होता. हळदीच्या पिशव्या, लग्नपत्रिका, कॅलेंडरं छापायचा. जन्मभर हळद छापून कंटाळला होता, म्हणाला, एक तरी पुस्तक छापीन. बाईंच्या पुस्तकासाठी पुण्या-मुंबईहून जे नकार आले होते त्यांची त्याला कल्पना नव्हती. आम्ही सांगितली नाही.

पावसाची उघडीप बघून आम्ही निघालो. चित्रांची पिशवी माझ्या मांडीवर. सांगलीपर्यंत मी कुणाला शेजारी टेकू दिलं नाही. कंडक्टर म्हणाला, "आजी, सोनं हाय का काय?" मी म्हटलं, "खून हाईत. तू तिकीट फाड."

छापखान्यात यंत्रांचा धडधडाट आणि शाईचा वास. कोपऱ्यात मालकाची काचेची खोली, आत थंडगार. मी दारात चपला काढल्या. दारावरचा माणूस म्हणाला, "आजी, घालून जावा की आत. हितं समदी घालूनच जात्यात."

"ऱ्हाऊ दे रं. लक्ष्मीची जागा हाय."

बाई सँडल घालून गेल्या. त्या शिकलेल्या. मी अनवाणी. आतली फरशी अशी गार की मी एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून बसले.

मालकानं पानं उलटली, "वा वा" केलं आणि सुनेला बोलावलं. ही सून शिकायला लंडनला होती, काही वर्षं राहून आली होती. बाईंचा चेहरा उजळला. खरं लंडन बघितलेलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. सून चांगली होती. तिनं सावकाश सगळं वाचलं. धुक्याला हात लावून म्हणाली, "अगदी असंच." मी म्हटलं, "म्हाबळेश्वरचं हाय." मग ती बुटांच्या पानावर आली, पुढची पानं चाळून परत तिथंच आली आणि थांबली.

"बाई, एक विचारू? हे सगळे अनवाणी का आहेत?"

"घरात आहेत ना," बाई म्हणाल्या.

सून हळूच म्हणाली, "तिकडं घरात बूट काढत नाहीत. आता कुणी कुणी काढतात. पण त्या काळी, पाहुण्यानं, आणि तेही शोकाला आल्यावर दारात बूट काढायचे, असं नसायचंच."

"मग चिखलाचे पाय घिऊन आत?" मी म्हटलं.

"पायपुसणं असायचं, आजी."

"झोपताना तरी काढतात का?"

"झोपताना काढतात."

"नशीब."

कुणी हसलं नाही. मीच हसले, तेही घाबरून. कारण ती अक्कल माझी होती. मला चौथीच्या वर शाळा नाही म्हणून माफ होतं. पण बाईंनी एवढी पुस्तकं वाचली, त्यांच्याही डोक्यात आलं नाही की जगात कुणी बूट घालून घरात शिरत असेल. आपल्याकडं पाच वर्षांचं पोरसुद्धा असं करत नाही. केलं तर पाठीत बसते.

मालक म्हणाला, "अहो, त्यात काय! आपल्या लोकांना कुठं माहितीय? छापू तसंच."

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग दुरुस्त करा. पण गणपती झाले की माझी कॅलेंडरं सुरू होतात. त्याच्या आधी द्या. नाहीतर मग पुढल्या वर्षी."

पुढल्या वर्षी म्हणजे काय, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. शेवट गेला म्हणजे अर्धं पुस्तक गेलं, आणि अर्धं पुस्तक नव्यानं काढायला डोळे नव्हते. बाईंनी पानं गोळा केली, कडा जुळवल्या. जुळवताना त्यांचा हात टेबलाच्या कडेबाहेर गेला. कडेचं दिसेनासं झालंच होतं.

आम्ही बाहेर निघालो. काचेच्या दाराबाहेर माझ्या चपलांचा जोड तेवढा होता, रबरी, एका पट्ट्याला पिन लावलेला. तेवढ्यात शाईचे डबे घेऊन एक गाडीवाला आला. त्यानं आम्हाला अजून बघितलं नव्हतं. चपला बघून दारावरच्या माणसाला म्हणाला, "काय रं, मालकाकडं कोण गावाकडची म्हातारी आलीया व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय सरकवायला गेले तर बाईंनी माझा दंड धरला.

"घालू नका."

"आवं, चला की. बस जाईल."

"घालू नका म्हणते ना. थांबा."

त्या वाकून चपलांकडं बघत राहिल्या. गाडीवाला बघतोय, दारावरचा बघतोय, आतून मालक बघतोय. मी अनवाणी उभी. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. इतके दिवस गल्ली म्हणत होती, आज झालं.

शेवटी मी चपला घातल्या आणि आम्ही बस पकडली. मलकापूर गेलं, स्टँड आला, लोक उतरले, चढले, तेव्हा म्हणाल्या, "सगळे बूट घालून आत. दारात जोड एकच."

"मापी करा बाई, मी आपली सवयीनं—"

"तेच! सवयीनं!" त्या एवढ्यानं ओरडल्या की पुढचा माणूस वळला. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. लंडनमध्ये दारात बूट काढणारं माणूस कोण? जो कोणी आपल्याकडं राहून गेलाय तो. गोष्टीत एक बाई होती, मेलेल्या म्हाताऱ्याची लांबची बहीण. शोकाचा काळा पडदा तोंडावर घेऊन बसलेली, पायांपर्यंत झगा. ती शपथेवर सांगते की मी जन्मात इंग्लंड सोडलं नाही. आणि खरं म्हणजे ती साताऱ्यात एका सरदाराच्या घरी मुलींना इंग्रजी शिकवायला वर्षानुवर्षं होती, आणि विष तिथूनच आणलेलं. दुःखाचं नाटक छान वठवते, पण दारात आल्यावर पायातून बूट आपोआप निघतात. खोटं बोलायला तोंड शिकतं, पाय शिकत नाहीत, असं बाई म्हणाल्या. टोपीवाली बाई दारातला तो एकच जोड बघते आणि सगळ्या बायकांना म्हणते, झगा चार बोटं वर धरा.

मी म्हटलं, "म्हंजे काय करायचं?"

"सगळ्यांना बूट घालायचे."

तेवढंच काम होतं, आणि तेवढं डोळ्यांत होतं. बाई बुटांची रेघ काढायच्या, मी आत काळी शाई भरायची. अख्खा श्रावण आम्ही लंडनच्या पायांत बूट घातले. पोलिसांना, वकिलाला, स्वयंपाकिणीला. माझा हात भाकरीचा, शाई रेघेबाहेर जायची. मी म्हणायचे, "घाण झाली वं." त्या म्हणायच्या, "असू दे, तिकडं चिखल असतो." बुटांच्या रांगेचं पान तेवढं गेलं. त्या जागी नवं काढलं. मोठं रिकामं दार आणि खाली एक जोड. ते काढताना त्या कागदाला इतक्या जवळ गेल्या होत्या की नाकाला शाई लागली.

सगळ्यात शेवटी राहिला एक चेहरा, शेवटच्या पानावरचा. त्यासाठी त्यांनी मला उजेडात बसवलं, नाकाशेजारचा मस नीट दिसेल असं. "दूधवाल्यावर ओरडताना करता तसं तोंड करा." मी केलं. एक सकाळ गेली. मी खाली येऊन शेवंताला सांगितलं, "आज माजा च्येहरा काढला. पुस्तकात मीच हाय." कोण म्हणून आहेस, हे तिनं विचारलं नाही. मीही बाईंना विचारलं नव्हतं. कोण असणार? छत्री मी धरली, पोट मी बांधून घेतलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना मी आमंत्रण देऊन ठेवलं, पुस्तक आलं की बघायला या.

पानं गणपतीच्या आधी पोचली. पुस्तक आलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. एसटीच्या पार्सलात, हळदीच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. तोवर बाईंना एका वेळी चित्राचा थोडासा तुकडा दिसायचा, नळीतून बघितल्यासारखा, आणि तोही धुरकट. त्यांनी पुस्तकाचा वास घेतला, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाचा. चित्रंपण सांगा. काय छापलंय ते मला कळलं पाहिजे. मन राखायला सांगू नका."

मला जोडाक्षरं अडतात. तरी वाचलं. प्रत्येक चित्र सांगितलं. धुकं कसं आलंय, घोड्याचे पाय कसे आलेत, कुठं शाई पसरलीय. एका पोलिसाचा बूट मी भरायला विसरले होते, तेही सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, बोट मांडीवर हलत होतं, जणू काढतायत. दारातली जोडी सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली. टोपीवालीनं झगे वर धरायला लावले. एकीचे पाय उघडे. मी शेवटचं पान उलटलं.

"आता पडदा उचलला असेल," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"कोण आहे?"

मी बघितलं. पानभर एकच चेहरा. नाकाशेजारचा मस, पुढचे गेलेले दोन दात, भुवईत पडलेली गाठ. सगळी गल्ली संध्याकाळी हे बघायला येणार होती. मीच बोलावली होती.

"एक थेरडी हाय," मी म्हटलं.

"कशी दिसते?"

"लबाड. खून करून वर चा पिल्यावानी."

"देखणी आहे का?"

मन राखायचं नाही, असं ठरलं होतं.

"न्हाई वं बाई. आजिबात न्हाई."

बाई मागं टेकल्या. त्यांचं ते वाईट हसणं हसल्या.

"मग छपाई चांगली झालीय," त्या म्हणाल्या.